पंधरा सेंटीमीटर

"पप्पा, मी पडत नव्हते."

शिट्टी वाजून झाली होती. पंचांनी हाताची पाचही बोटं वर केली होती. केतकी दगडाच्या पायथ्याशी सायकल धरून उभी होती आणि माझा उजवा हात अजून तिच्या सायकलच्या फ्रेमवर होता. तो तिथून काढायचंही मला सुचत नव्हतं.

"पडत होतीस," मी म्हणालो. "मी बघितलं ना."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, मग हेल्मेट काढलं आणि फितीखालून वाकून बाहेर गेली. त्यानंतर पाच आठवडे माझी एकुलती एक मुलगी माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

याला आता अकरा वर्षं झाली. ट्रायल्स म्हणजे काय हे तेव्हा आमच्या कोल्हापुरात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही. पाय न टेकता सायकलवरून दगड, ओंडके, भिंती चढून जायचं, एवढाच तो खेळ. शर्यत नाही, वेग नाही. पाय टेकला की एक दंडगुण. पडलात, किंवा बाहेरच्या माणसाचा हात लागला, की एकदम पाच. ज्याचे दंडगुण कमी तो पुढे. या सायकलला सीट नसते. केतकी ती घेऊन गल्लीतून निघाली की कुणी ना कुणी ओट्यावरून विचारायचंच, "सीट चोरीला गेली काय गं?"

त्या दिवशी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. केतकी एकोणीस वर्षांची होती. तिला तीन वर्षं शिकवलं होतं इम्तियाज मुजावर यांनी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. नियम असा, की अवघड टप्प्यावर प्रत्येक खेळाडूचा एक माणूस फितीच्या आत उभा राहू शकतो, सुटा दगड हलला तर सांगायला. हात मात्र लावायचा नाही. एरवी इम्तियाजभाई उभे राहायचे. त्या दिवशी त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, म्हणून मी उभा राहिलो.

तीन टप्पे झाले तेव्हा केतकी पहिली होती. चौथ्यात कमरेएवढा काळा दगड. ती हळू आली, पुढचं चाक उचललं, दगडाच्या कडेला टेकवलं आणि थांबली. सायकल जवळजवळ उभी, मागचं चाक अधांतरी, पोरगी पाठीमागे झुकलेली, आणि खाली सगळे टोकदार दगड. बापाचा हात जाणारच. गेला. आणि तिची निवडही गेली.

घरी आल्यावर तिनं सायकल गच्चीवर नेली, भिंतीला टेकवली आणि तिच्यावर जुनी ताडपत्री टाकली. खाणीवरचा सराव बंद. माझ्याशी बोलणं बंद. मी समोर जेवत असताना ती आईला सांगायची, "आई, पप्पांना सांग, मीठ तिकडं आहे."

"तुम्हीच एकदा म्हणून टाका की, चुकलं माझं," शैला मला म्हणाली.

"चुकलं कुठं? पडत होती म्हणून धरली."

"मग बसा मीठ मागत."

शैलाशी वाद घालून मी कधी जिंकलेलो नाही. पण यात माघार घेणं मला जमेना. मी पॅटर्नमेकर. शिरोलीला फाउंड्रीत लाकडाचे नमुने करतो, त्यावरून साचा होतो आणि साच्यात लोखंड ओततात. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की माल परत येतो. आयुष्यभर मी डोळ्यांवर विश्वास ठेवून भाकरी खाल्ली. केतकीच्या सरावासाठी दहापासून तीस सेंटीमीटरपर्यंतच्या लाकडी पेट्याही मीच केल्या होत्या. एवढं असताना कालची पोर मला सांगणार, तुम्ही बघितलं ते खरं नाही.

आठवड्याभरानं मी इम्तियाजभाईंच्या दुकानात गेलो. ते चाकाचे आरे घट्ट करत बसले होते.

"मला शिकवा," मी म्हणालो.

"काय?"

"केतकी करते ते. पुढचं चाक टेकवून वर जायचं."

त्यांनी चाक एकदा फिरवून बघितलं, मग मला.

"वय काय तुमचं, चौगुले?"

"सत्तेचाळीस."

"आणि गुडघे?"

"तेही सत्तेचाळीसच."

"कशाला शिकतासा पण?"

खरं कारण सांगायला मला लाज वाटली नाही. "ती म्हणते पडत नव्हते. मी म्हणतो पडत होती. एकदा स्वतः करून बघतो, म्हणजे तिला पटवून सांगता येईल की त्या जागी माणूस पडतोच."

इम्तियाजभाईंनी चाक बाजूला ठेवलं. लग्न नसतं तर, हे त्यांच्याही मनात आलं असणार. "उद्या साडेसहाला खाणीवर या," ते म्हणाले. "चप्पल नको. बूट घाला."

शहराबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. तिथंच केतकी शिकली. पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. इम्तियाजभाईंनी मात्र त्यांतली एकही काढली नाही. त्यांनी जमिनीवर एक जुनी तुळई टाकली. उंबऱ्याएवढी असेल. मला हसू आलं.

"एवढ्यावरनं?"

"एवढ्यावरनंच. आधी बघा."

इम्तियाजभाई त्रेपन्न वर्षांचे, पोट सुटलेले, चालताना डावा पाय किंचित ओढणारे. ते पॅडलवर उभे राहिले आणि चालत्या माणसाच्या वेगानं तुळईकडे आले. मला वाटलं होतं काहीतरी जोर लावतील. जोर कुठं दिसलाच नाही. पुढचं चाक उचललं गेलं, तुळईच्या कडेला टप असा आवाज झाला, आणि पुढच्या क्षणी मागचं चाक तुळईवर होतं. मधलं काही मला दिसलंच नाही. मग ते वळले आणि गुडघ्याएवढ्या एका दगडावर तसेच गेले. वर जाऊन पाय न टेकता उभे राहिले, पोटासकट. एवढा जड माणूस हलका होताना मी पहिल्यांदा बघत होतो. तीन वर्षं मी केतकीला सोडायला आणायला यायचो आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचो, ते आठवून मला माझीच कीव आली.

"टकटक," ते वरून म्हणाले.

"काय?"

"दारावर टकटक करतो का न्हाई? तसं चाक टेकवायचं. दार ढकलून आत घुसायचं न्हाई. टकटक केली की सायकल आपसूक उभी राहती. ती उभी राहिली की तुम्ही उठायचं. हँडल पुढं जाऊ द्यायचं, पाय पोटाशी घ्यायचं. मागचं चाक येतंय की चालत."

"आणि सायकल उभी राहिल्यावर पडलो तर?"

"ते मग बघू."

त्यांनी त्यांची सायकल माझ्या हातात दिली, आणि ते बघायला फार वेळ लागला नाही. अर्धं पॅडल मारायचं, चाक उचलायचं, टप. इथपर्यंत मी चार दिवसांत आलो. पण टप झालं की सायकल माझ्या छातीवर यायची, पाठीमागे नुसती पोकळी जाणवायची आणि पुढच्या क्षणी मी सायकलच्या मागे दोन पायांवर उभा असायचो. रोज तीस-चाळीस वेळा. चुकून एखाद्या वेळी पॅडलचे दात नडगीवर ओढले जायचे. संध्याकाळी मी पायांना मलम लावत बसलो की केतकी समोरून जायची. एकदा ती थांबली. माझ्या नडगीवरच्या ओरखड्यांच्या रांगेकडे तिनं बारकाईनं बघितलं, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या बुटांवर नडगीला बांधायची तिची पॅडं ठेवलेली होती. मी शैलाला विचारलं, तू ठेवलीस का. शैलाला ती कशाची आहेत हेही माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मी इम्तियाजभाईंना जवळजवळ आनंदानं म्हणालो, "बघितलंत? त्या जागी माणूस पडतोच. आज सदतीस वेळा पडलो."

ते दगडावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्ही एकदापण पडला न्हाईसा, चौगुले."

"म्हणजे?"

"मी बसून बघतोय की. पडणारा माणूस पाठीवर पडतो, कुशीवर पडतो. तुम्ही प्रत्येक खेपेला दोन पायांवर उभं. तुम्ही पडत न्हाईसा. तुम्ही उतरतासा."

सदतीस वेळा माझ्या पँटच्या मागच्या बाजूला माती लागली नव्हती. मी हात फिरवून बघितलं.

"पडायच्या भ्यानं उतरतासा," ते म्हणाले. "पडणार का न्हाई, हे तुम्ही अजून बघितलेलंच न्हाई."

त्या दिवशी कामावर माझं लक्ष लागलं नाही. एक सोपा नमुना मी दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा वेगळं माप आलं.

पुढच्या आठवड्यात तुळईवर मी उतरायचं थांबवलं आणि कसाबसा, अर्धा ओढत, दोनदा वर गेलो. मग मीच म्हणालो, आता पंधराची पेटी काढा. इम्तियाजभाई म्हणाले, राहू द्या, तुळईवरच करा. मी ऐकलं नाही. माझी पेटी, सागाच्या फळ्यांची, एकही खिळा वर न दिसणारी. मी शेडमधून ती उचलून आणली.

पेटीवर मात्र टप व्हायलाच तयार नव्हतं. चाक कडेला लागायचं आणि न थडकता गुळगुळीत वर सरकायचं. सायकल उभीच राहायची नाही, मध्येच पेटीवर पोट टेकून बसायची. दहा वेळा तेच झालं.

"काय चुकतंय माझं?"

इम्तियाजभाई खाली बघत होते.

"सांगा की."

"तुमचं न्हाई चुकत. कड गोल हाय पेटीची."

मी वाकून बघितलं. अर्थातच गोल होती. पॅटर्नच्या कामात धारदार कड कधी ठेवत नाहीत, साचा फुटतो. प्रत्येक कोपरा गोल करायचा हे तीस वर्षं हातात बसलेलं. त्यातून या पेट्या माझ्या पोरीसाठी. ती पडली तर कड लागू नये म्हणून मी त्या नेहमीपेक्षा जास्तच गोल केल्या होत्या, वर दोन रविवार पॉलिश पेपर मारत बसलो होतो.

"टकटक करायला कड लागती," इम्तियाजभाई म्हणाले. "गोल कडेवर चाक धरत न्हाई."

"मग केतकी कशावर शिकली?"

"ह्याच्यावरच."

"तीसच्या पेटीवरपण?"

"तीसच्यापण. नुसती निसटायची पोरगी. कोण दुसरं असतं तर महिन्यात सोडून गेलं असतं. मी म्हटलं, पप्पांना सांगून फळ्या बदलून घेऊ. तर म्हणाली, नको. त्यांनी एवढ्या आवडीनं केल्यात, त्यांना वाईट वाटंल. म्हणाली, मी चाक जास्त अचूक टेकवत जाईन." त्यांनी पेटीवरून हात फिरवला. "आणि टेकवायला लागली. बोटभर जागा पुरायची तिला. तसं टेकवणारं दुसरं कोण मी बघितलेलं न्हाई. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. आज माझ्या तोंडून गेलं."

मी त्या पेटीजवळ उकिडवा बसून राहिलो. त्या कडेवरून चाक टेकवून वर जाता येतं, हे मला अजूनही पटत नव्हतं. मी तीसची पेटीही बाहेर काढली आणि जवळून बघितली. गोल कडेवर एकाच जागी टायरच्या काळ्या खुणा होत्या. एकीवर एक, शेकड्यांनी, सगळ्या मिळून माझ्या अंगठ्याएवढ्या जागेत. माझ्या कारखान्यात इतकं अचूक काम करणारा एकही माणूस नव्हता, मी धरून. आणि या पोरीला मी सांगितलं होतं की ती पडत होती.

दुपारी मी पंधराच्या पेटीची वरची फळी उचकटून काढली आणि धारदार कडेची नवी ठोकली. हात कड गोल करायला रंध्याकडे जात होता. त्याला आवरलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सातच्या सुमाराला खाणीत ऊन अजून वरच्या कड्यावरच होतं. इम्तियाजभाई पेटीपासून लांब जाऊन उभे राहिले. मी पॅडलवर उभा राहिलो आणि हळू निघालो. अर्धं पॅडल. चाक उचललं. टप.

सायकल छातीवर आली. पाठीमागची पोकळी आली. महिनाभर मी ज्या जागी उतरत होतो तीच जागा. या वेळी उतरलो नाही.

मग जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सगळं थांबलं. मी पडत नव्हतो आणि चढतही नव्हतो. माझं वजन कुठं गेलं कुणास ठाऊक. नव्या फळीतली गाठ मला दिसली, तिच्या शेजारी मागचं चाक कुठं बसणार ती जागा दिसली, वरच्या कड्यावरचं ऊन दिसलं. घाई म्हणून नव्हती. वेळच वेळ होता. मी उठलो, हँडल पुढे जाऊ दिलं, पाय वर घेतले. मागून धप्प असा आवाज आला आणि मी जमिनीपासून पंधरा सेंटीमीटर उंचावर उभा होतो.

उतरलो आणि त्याच पेटीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं ते पुसायचीही गरज वाटली नाही. इम्तियाजभाई आले, शेजारी बसले.

"काय झालं?"

"बाहेरून बघणाऱ्याला हे पडल्यासारखंच दिसणार," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "बाहेरनं तसंच दिसतंय."

मी घरी गेलो तेव्हा केतकी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. बादली अर्धी रिकामी झाली होती. मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. पाच आठवडे काय बोलायचं ते मी ठरवत होतो, त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

"केतकी, तू पडत नव्हतीस."

तिच्या हातात चिमटा होता. तो तिनं दोरीला लावला, मग दुसरा घेतला.

"किती चढलात?" तिनं विचारलं. वळली नाही.

"पंधरा."

"गोल कडेवर?"

"नाही. मला कुठं जमायला. फळी बदलून."

"इम्तियाजकाकांना म्हटलं होतं मी, पप्पांना सांगू नका."

"तू मला का नाही सांगितलंस? तीन वर्षं?"

तिनं एक परकर झटकला, दोरीवर टाकला. मग वळून माझ्याकडे बघितलं, पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

"थांबल्यासारखं वाटलं?"

"सगळंच थांबलं. फळीतली गाठसुद्धा दिसली."

"हां," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला. "तेच. ते कुणाला सांगताच येत नाही, पप्पा. काकांना माहितेय, पण ते बोलत नाहीत."

"पंधरावर एवढं. मग त्या दगडावर..."

"त्या दगडावर खूप वेळ होता." ती कठड्याला टेकली. "मागचं चाक कुठं ठेवायचं ते दिसत होतं. वरची सपाट जागा दिसत होती. आणि तुमचा हात येताना दिसत होता."

"येताना?"

"निघाल्यापासून. खांदा हलला, कोपर सरळ झालं, बोटं उघडली. मी मनात म्हणत होते, नको, पप्पा, नको. तीन-चार वेळा म्हणून झालं. म्हणायला वेळ पुरला. ओरडायला पुरला नाही."

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू झाली आणि निघून गेली.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते मी विचारलं नाही.

"उद्या सहाला खाणीवर निघू," ती म्हणाली. मग बादलीतली ओली चादर उचलून तिनं एक टोक माझ्या हातात दिलं. "घट्ट धरा," म्हणाली, आणि पिळायला लागली.